‘जुनं घड्याळ कधी उतरत नाही’ असं सांगून मला विकलेली तीन घड्याळं

जुन्या घड्याळांचा संग्रह म्हणजे पक्की गुंतवणूक, असं पटवून मला तीन घड्याळं विकली गेली. तिन्हींत खोट निघाली आणि प्रत्येकात ती वेगळ्या जागी लपवलेली होती. सविस्तर लिहितो आहे, कारण त्याच माणसाने हीच बोलणी आणखी काही जणांशी केल्याचं नंतर कानावर आलं आणि या धंद्यात असा तो एकटा नाही. त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

त्याच्याशी गाठ एका परिचितामार्फत पडली. बोलणं मृदू, माहिती भरपूर. त्याने सांगितलेली बरीचशी माहिती खरी होती, हे मुद्दाम आधीच सांगतो. निम्मी फसवणूक त्या खऱ्या माहितीच्या जोरावरच झाली.

पहिल्याच भेटीत त्याने दोन लिलाव सांगितले. अभिनेता पॉल न्यूमन स्वतः वापरत असलेलं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीने हेन्री ग्रेव्ह्ज या श्रीमंत अमेरिकन बँकरसाठी बनवलेलं खिशातलं घड्याळ १९९९ साली १ कोटी १० लाख डॉलरला विकलं गेलं आणि तेच २०१४ साली सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरला. दोन्ही आकडे बरोबर आहेत. हे आकडे ऐकवून तो क्षणभर थांबायचा आणि मग म्हणायचा, “सर, शेअर खाली येतो, घर रिकामं राहतं, पण जुनं घड्याळ कधी उतरत नाही.”

आता या आकड्यांकडे नीट बघा. न्यूमनच्या घड्याळाची किंमत घड्याळाची नव्हती. त्याच्या पत्नीने ते त्याला दिलं होतं, पाठीवर गाडी जपून चालवण्याची सूचना कोरून घेतली होती आणि त्याच्या मनगटावरच्या फोटोंमुळे त्या तऱ्हेच्या डायललाच त्याचं नाव पडलं. ही हकीकत दुसऱ्या कुठल्याही डेटोनाला लागू होत नाही. ग्रेव्ह्जचं घड्याळ तर जगात एकच आहे, वेळ दाखवण्यापलीकडच्या चोवीस वेगवेगळ्या करामती असलेलं. तरीही १९९९ ते २०१४ या पंधरा वर्षांचा हिशेब मांडला तर चक्रवाढीने वर्षाला साधारण पाच टक्के पडतात. दलाली, विमा, सांभाळण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. जगातल्या सर्वांत गाजलेल्या घड्याळाची वाढ एवढी असेल, तर टेबलावर ठेवलेल्या साध्या जुन्या घड्याळाने दरसाल पंधरा-वीस टक्के का द्यावेत? तो मात्र तेच आकडे दाखवून पंधरा-वीस टक्क्यांची भाषा करत होता.

त्याच्याकडे भावांचा एक तक्ताही होता. रेघ छान चढत गेलेली. ती २०२२च्या सुरुवातीला संपत होती आणि आमची बोलणी त्यानंतर बऱ्याच काळाने चालली होती. मी पुढचं विचारलं. “त्यानंतर बाजार स्थिर आहे,” असं उत्तर आलं. प्रत्यक्षात २०२२च्या वसंतात पुनर्विक्रीच्या बाजाराने शिखर गाठलं आणि तिथून भाव घसरत गेले. साथीच्या काळात स्वस्त झालेला पैसा घड्याळांत शिरला होता. व्याजदर वाढले तसा तो निघूनही गेला. रोलेक्स, पाटेक, ऑडेमार्स पिगे या नावांच्या नव्या घड्याळांनाच तो फटका सर्वांत जास्त बसला. ती रेघ जिथे तोडली होती तिथे ती योगायोगाने तुटलेली नव्हती.

आता घड्याळांकडे येतो. पहिलं ओमेगा स्पीडमास्टर. नासाने मार्च १९६५मध्ये अंतराळवीरांसाठी मान्य केलेलं आणि १९६९ साली चंद्रावर गेलेलं मॉडेल. सुरुवातीच्या स्पीडमास्टरमध्ये ‘३२१’ या प्रकारचं मशीन, म्हणजे घड्याळ चालवणारा आतला भाग, असे. १९६८च्या सुमारास त्याची जागा ८६१ने घेतली, जे बनवायला सोपं आणि स्वस्त होतं. संग्राहक ३२१साठी कितीतरी जास्त मोजतात, त्यामुळे लबाडीला वाव असतो तो नेमका इथे.

घड्याळाबरोबर ओमेगाच्या दप्तरातला उतारा होता. त्यावर मशीनचा क्रमांक, मॉडेल १४५.०१२, बनावट १९६७ची. कागद खरा आहे का, हे मी तपासलं, खरा होता. मशीनचा फोटो मागितला. तो लगेच आला आणि त्यातला क्रमांक उताऱ्याशी तंतोतंत जुळला. मग मी म्हटलं, मागचं झाकण माझ्यासमोर उघडून दाखवा. तेव्हा मात्र तो म्हणाला, “सर, उगाच उघडलं की धूळ जाते, ओल जाते. आणि उघडल्याच्या खुणा झाकणावर राहिल्या की भाव उतरतो.” अनाडी हाताने उघडलेल्या झाकणावर ओरखडे राहतात हे खरंच आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच आडमुठं वाटलं नाही. शिवाय “सगळे भाग मूळचे आहेत, मी लिहून देतो,” असं त्याने मेसेजमध्ये लिहिलंही.

दुसरं सोन्याच्या केसचं (म्हणजे बाहेरच्या कवचाचं), पातळ, चावीचं घड्याळ. तिसरं पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं स्टीलचं. तिन्हींसाठी मिळून त्याने एक कागद दिला: तीन वर्षांनंतर घड्याळं मूळ स्थितीत परत आणल्यास खरेदीच्या किमतीला परत घेऊ. घेणाऱ्याच्या मनातली शेवटची शंका असा कागद पुसून टाकतो. नुकसान होणारच नाही असं वाटायला लागतं.

मुदत संपल्यावर घरातल्या एका खर्चासाठी पैसे हवे होते म्हणून मी घड्याळं परत घ्या म्हटलं. त्याने ती ठेवून घेतली, कोणाला तरी दाखवली आणि निरोप पाठवला: स्पीडमास्टरची डायल मूळची नाही, सोन्याच्या घड्याळाची डायल रंगवलेली आहे, तिसऱ्याची केस घासलेली आहे. ही मूळ स्थिती नव्हे, तुम्हीच मध्ये काहीतरी करून घेतलंय, तेव्हा कागद लागू होत नाही.

म्हणजे त्याने विकलेली खोट त्यानेच शोधून माझ्या माथी मारली. हे वाचून हात थरथरले होते, आजही ते आठवलं की राग येतो.

मी तिन्ही घड्याळं त्याच्याकडून परत घेऊन एका वयस्कर घड्याळजींकडे गेलो. आयुष्यभर हेच काम केलेले, विकण्या-विकत घेण्याशी संबंध नसलेले. त्यांनी काही विचारलं नाही. स्पीडमास्टरच्या डायलवर काही सेकंद टॉर्च धरला, खोलीतला दिवा घालवला आणि घड्याळ माझ्या पुढ्यात ठेवलं. तासांच्या खुणा हिरव्या चमकत होत्या आणि बराच वेळ चमकत राहिल्या. काटे मात्र अजिबात चमकत नव्हते.

“काका, चमकतं म्हणजे चांगलंच ना?” मी विचारलं.

त्यांनी समजावून सांगितलं ते इथे तसंच देतो. साठच्या दशकात रेडियम धोकादायक म्हणून मागे पडलं आणि घड्याळांच्या खुणांवर ट्रिटियमचा लेप यायला लागला. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. म्हणजे दर बारा-साडेबारा वर्षांनी त्याचा जोर निम्मा होतो. १९६७चा लेप असेल तर आज शंभरातले जेमतेम चार भाग उरलेत. असा लेप टॉर्च मारल्यावर फार तर क्षणभर उजळून विझतो. जो बराच वेळ चमकतो तो नव्वदच्या दशकात आलेला, किरणोत्सर्ग नसलेला नवा लेप. डायलच्या तळाशी सहाच्या खाली बघा, ते म्हणाले. ट्रिटियम असेल तर ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर असतं. माझ्या डायलवर नुसतंच ‘स्विस मेड’ होतं. आणि ओमेगाचं चिन्ह? १९६७च्या डायलवर ते धातूचं, वेगळं बसवलेलं असायला हवं. भिंगातून तिरकं बघितल्यावर दिसलं की ते छापलेलं आहे. म्हणजे ही कंपनीने दुरुस्तीसाठी पुरवलेली, खूप नंतरची डायल. तिच्या खुणांना जुनेपणाचा पिवळसर रंग कोणीतरी मुद्दाम चढवला होता.

मग त्यांनी झाकण उघडलं. मशीन खरोखर ३२१, क्रमांक तोच. पण झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेलं होतं १४५.०२२. ते मॉडेल ८६१ मशीनचं. उताऱ्यात १४५.०१२. म्हणजे कुठल्या तरी मोडीत निघालेल्या स्पीडमास्टरचं मशीन, त्याच्या नावाचा खरा उतारा, नंतरच्या घड्याळाचं झाकण आणि त्याहून नंतरची डायल. फोटो मशीनचा पाठवला गेला, झाकणाच्या आतल्या बाजूचा नाही.

या एका गोष्टीवर मी सगळ्यांना थांबायला सांगेन. कंपनीच्या दप्तरातला उतारा मशीनच्या क्रमांकावरून निघतो. त्या क्रमांकाचं मशीन अमुक साली, अमुक मॉडेलमध्ये कारखान्यातून गेलं, एवढंच तो सांगतो. आज तुमच्या हातात असलेली डायल, केस, काटे, चावी त्याच घड्याळाची आहेत, हे तो सांगत नाही आणि सांगू शकत नाही. खरा कागद आणि खरं मशीन जोडीने समोर आले की माणूस बाकीच्याकडे बघत नाही. रोलेक्स तर असा उतारा देतच नाही, त्यामुळे तिथे हाही आधार नसतो.

हे फक्त आपल्यासारख्यांच्या बाबतीत होतं असंही नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हाच्या लिलावात पहिल्या पिढीतलं एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेलं. घेणारं होतं खुद्द ओमेगाचं संग्रहालय. २०२३मध्ये कंपनीने जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळे भाग जुळवून तयार केलेलं होतं, आणि या प्रकरणात आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचंही म्हटलं. ज्यांनी घड्याळ बनवलं, त्यांच्याच संग्रहालयाच्या बाबतीत हे झालं. तेव्हा “मोठ्या लिलावगृहातून आलंय” किंवा “कंपनीचा कागद आहे” हे शब्द ऐकून तपासणी सोडू नका.

सोन्याच्या घड्याळाची गोष्ट थोडक्यात. डायल पुन्हा रंगवलेली, जाणकार जिला ‘रीडायल’ म्हणतात. भिंगाखाली मिनिटांच्या रेघा कमी-जास्त लांबीच्या, काही ठिकाणी तासाच्या खुणेच्या बरोबर मध्यावर न येता बाजूला सरकलेल्या, अक्षरांच्या कडांना शाई फुटलेली. जुनी कारखान्यातली छपाई इतकी ढिसाळ नसते. विक्रेत्याने “इतकी स्वच्छ डायल सापडत नाही” असं म्हणून हिचंच कौतुक केलं होतं. साठ-सत्तर वर्षं वापरलेल्या घड्याळाची डायल कोरी करकरीत असेल, तर कौतुक करण्याआधी का, असं विचारा. डायल रंगवली की संग्राहकाच्या दृष्टीने घड्याळाची बरीचशी किंमत गेली. सोन्याच्या वजनाएवढी उरते, ती सोन्यामुळे.

तिसऱ्यात मशीन, डायल, काटे सगळं आपापलं होतं. फक्त केस पॉलिशच्या यंत्रावर इतक्या वेळा घासली होती की पट्टा जिथे अडकतो त्या चार पायांच्या धारदार कडा गोल झाल्या होत्या आणि बाजूची भोकं कडेच्या अगदी जवळ आली होती. धातू एकदा गेला की तो परत येत नाही. पट्टा काढून बाजूने बघितलं तर नवख्यालाही हे दिसतं, पण विक्रेते फोटो समोरूनच टाकतात.

मग जुनी घड्याळं भाव टिकवतात की नाही? घड्याळजी काकांशी आणि नंतर काही जुन्या संग्राहकांशी बोलून माझं जे मत झालं ते असं: घड्याळांचा संग्रह, असा सरसकट काही भाव नसतो. टिकतो तो एकेका घड्याळाचा, आणि तो मूळपणावर. त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या दोन घड्याळांत, एकाची डायल मूळची आणि केस न घासलेली, दुसऱ्याची तशी नाही, तर पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट असू शकते. तेजीत दोन्ही चढतात. मंदीत दुसऱ्याला गिऱ्हाईकच मिळत नाही. “संग्रह घ्या, सरासरीने वाढेल” हे बोलणं म्हणूनच पोकळ आहे: लिलावात गाजतात ती वरची मूठभर घड्याळं आणि आपल्याला विकली जातात ती खालची.

आवड बदलते, हेही विसरू नका. डिसेंबर १९६९मध्ये सेकोने अ‍ॅस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दीड दशकात स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातल्या सुमारे नव्वद हजार नोकऱ्या तीस हजारांच्या आसपास आल्या. त्या काळात चावीच्या घड्याळांना कोणी विचारत नव्हतं. सोन्याच्या केस वितळवून मशीनं फेकली गेली. झेनिथच्या कारखान्यात १९७५ साली एल प्रिमेरो या मशीनची हत्यारं मोडीत काढायचा हुकूम आला, तेव्हा शार्ल व्हर्मो नावाच्या कारागिराने ती गुपचूप माळ्यावर लपवली. दहा-बारा वर्षांनी तेच मशीन रोलेक्स आपल्या डेटोनासाठी विकत घेऊ लागली. व्हर्मोंबद्दल मला फार आदर आहे. पण त्या कारखान्याच्या मालकांनाही आपल्या हातातल्या वस्तूचं मोल कळलं नव्हतं, तर वीस वर्षांनी अमुक घड्याळाला अमुक भाव येईल असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? आज ज्यांना तरुणपणीचं स्पीडमास्टर हवंहवंसं वाटतं ती पिढी निघून गेल्यावर पुढच्यांना तेच हवं असेल, याची हमी कोणाकडे नाही. खिशातल्या घड्याळांचं तेच झालं. साधी सोन्याची खिशातली घड्याळं आज बहुतेक वेळा सोन्याच्या वजनावरच विकली जातात.

खर्चाचाही हिशेब लावा. मोठ्या लिलावगृहात घेणाऱ्याकडून बोलीवर साधारण पाव हिस्सा वरून घेतात, विकणाऱ्याकडून वेगळं कमिशन. नुसतं होतं तिथे परत यायला भाव पाव पटीने चढावा लागतो. क्रोनोग्राफची, म्हणजे स्पीडमास्टरसारख्या स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाची, सर्व्हिस महाग असते, दर काही वर्षांनी लागते आणि त्यात काळजी घेतली नाही तर कारागीर जुने काटे, जुनी चावी बदलून नवे भाग बसवतो. घड्याळ उत्तम चालतं आणि किंमत मात्र उतरते. सर्व्हिसला देताना “काहीही बदलू नका, पॉलिश करू नका, बदललंच तर जुना भाग परत द्या” असं लिहून द्या.

आवड म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या. मला स्वतःला ही घड्याळं आवडतात, अजूनही. पण पैसे देण्याआधी झाकण उघडायला लावा, तुमच्यासमोर, तुम्ही निवडलेल्या कारागिराच्या हातून. विक्रेता नाही म्हणाला तर उठा. झाकणाच्या आतल्या बाजूचा, मशीनचा, पट्टा काढून चारही पायांचा आणि तिरक्या उजेडात डायलचा फोटो मागा. अंधारात टॉर्च मारून बघा, डायल आणि काटे सारखेच वागतात का. डायल, काटे, केस, झाकण, चावी, मशीन, प्रत्येक भाग मूळचा की बदललेला, हे बिलावरच नाव घेऊन लिहून घ्या. “विंटेज घड्याळ, आहे त्या स्थितीत” एवढ्यावर सही करू नका. माझ्या बिलावर तेवढंच होतं. क्रमांक चोरीच्या यादीत नाही ना, हेही बघा. द वॉच रजिस्टर ही संस्था अशा नोंदी ठेवते. आणि कोणी परत घेण्याची हमी पुढे केली तर ती हमी कोण पाळणार, कशाच्या आधारावर, आणि “मूळ स्थिती” ठरवणार कोण, हे आधी विचारा. माझ्या कागदावर ते ठरवणारा तोच होता.

माझी तक्रार दोन गोष्टींवर उभी आहे. एक, “सगळे भाग मूळचे” हा त्याचा मेसेज. दुसरी, घड्याळ ताब्यात घेतलं त्या दिवशी मी काढलेले फोटो. त्यात आठच्या खुणेवरचा लेप एका कोपऱ्यात जरासा उडालेला आहे आणि आजच्या डायलवर तो तिथेच तसाच उडालेला आहे. डायल मी बदलली, हा आरोप त्यामुळे टिकला नाही, आणि वकिलांनी त्याच फोटोंच्या आधारे नोटीस पाठवली आहे. घड्याळ घेतलं त्या दिवशीच प्रत्येक बाजूने, जवळून, तारखेसकट फोटो काढून ठेवा. मशीनचेही. कोणाला अशीच बोलणी करून जुनी घड्याळं विकली गेली असतील, तर त्यांनी झाकण उघडून आतला मॉडेल क्रमांक कागदाशी ताडून बघावा, आणि मुदत संपायची वाट न बघता बघावा.